सासू-सासऱ्यांचा उमरा: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

पत्र: आम्ही मूळचे दापोलीकडचे, राहतो कुर्ल्याला. सासरे ७१ वर्षांचे, सासूबाई ६७. सासूबाईंना साखर आहे, इन्सुलिन चालू आहे आणि गुडघे धरलेले असतात. दोघांना यंदा उमऱ्याला (हजखेरीज वर्षभर करता येणारी मक्केची यात्रा) पाठवायचं ठरलंय, सोबत धाकटे दीर जातील. दोन कोटेशनं आली आहेत, दोन्ही पंधरा दिवसांची. पहिलं माणशी ८९ हजार: शारजामार्गे विमान, मक्केत हरमपासून, म्हणजे काबा असलेल्या मशिदीपासून, '८०० मीटर, शटलसह', पाच जणांची खोली, तिन्ही वेळ 'बॉम्बे खाना'. दुसरं १ लाख १८ हजार: थेट विमान, '३५० मीटर', तीन जणांची खोली, जेवण तेच. पहिला एजंट अर्धे पैसे रोख मागतो आणि म्हणतो, धार्मिक कामाला बिल कसलं? दुसरा म्हणतो, थोडे वाढवून रमजानातच उरकून टाका. तिघांचा मिळून फरक ८७ हजारांचा. तो द्यावा का? आणि सासूबाईंच्या खाण्याचं काय करायचं? — शबाना, कुर्ला

उत्तर:

शबानाताई,

दुसरं कोटेशन घ्या. पण आहे तसं नको, आणि रमजानात तर नकोच.

८७ हजार काही थोडे नाहीत, म्हणून ते जातात कशाला ते आधी पाहू. जेवण दोन्हीकडे तेच, व्हिसा तोच, जियारतची (पवित्र स्थळं दाखवणारी) बसही जवळजवळ तीच. फरक पडतो तो विमानात, अंतरात आणि खोलीत. सासूबाईंचे पंधरा दिवस नीट जातील की नाही, हेही याच तिन्हींवर ठरणार आहे. 'डिलक्स', 'फोर स्टार', 'व्हीआयपी' या शब्दांसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका.

अंतरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. पॅम्फ्लेटवरचे मीटर बहुतेक वेळा नकाशावर सरळ रेघ ओढून, तेही हरमच्या बाहेरच्या पटांगणाच्या कडेपर्यंत मोजलेले असतात. त्या कडेपासून आत मताफपर्यंतचं (काब्याभोवतीच्या अंगणापर्यंतचं) चालणं वेगळं. ८०० मीटर खरे धरले तरी जाऊन-येऊन १६०० झाले. दिवसातून दोनदाच गेलं तरी तीन किलोमीटरच्या वर, तेही तवाफ (काब्याच्या प्रदक्षिणा) आणि सई (सफा ते मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्या) न धरता. सफा-मरवाच्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरच्या वर जातात. आणि मुळात ८०० मीटरला शटल लागते कशाला? शटल दिली आहे म्हणजे हॉटेल बहुधा अझीझियासारख्या भागात असणार, तिथून हरम चार-पाच किलोमीटरवर आहे. नमाजच्या वेळी हरमजवळचे रस्ते गाड्यांना बंद होतात, शटल लांबच सोडते, आणि इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) परतताना त्याच बससाठी हजारभर माणसं उभी असतात. गुडघे धरलेल्या बाईला तिथे अर्धा तास उभं करणं हा निव्वळ जुलूम.

३५० मीटरवालाही तपासून घ्या. एजंटकडून हॉटेलचं नाव मागा, गूगल मॅपवर चालण्याचा मार्ग निवडा आणि तिथून किंग अब्दुलअझीझ गेटपर्यंतचं अंतर पाहा. त्याबरोबर चढ किती तेही बघा. अजयादच्या बाजूला चांगलाच चढ आहे, इब्राहीम खलील रोड आणि मिसफलाकडचा खालचा भाग त्यामानाने सपाट. हॉटेलची परीक्षणं वाचताना 'लिफ्ट' एवढा एकच शब्द शोधा. उंच हॉटेलांत नमाजच्या आधी-नंतर लिफ्टसाठी पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, म्हणून खालच्या मजल्याची खोली लेखी मागा. कमोड आहे ना, हेही विचारा. मदिनेत हा त्रास कमी. तिथली जमीन सपाट आहे आणि मशिदीलगतच्या मरकजिया भागातलं कुठलंही साधं हॉटेल चालतं. पैसे वाचवायचे तर मदिनेत वाचवा, मक्केत नको.

आता कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. हॉटेलच्या नावापुढे 'ऑर सिमिलर' असेल तर ते नाव नुसतं शोभेला आहे. तिथे पोचल्यावर तुम्हाला कुठेही टाकता येतं. त्याऐवजी असं लिहून घ्या: 'मक्का: अमुक हॉटेल, ते न मिळाल्यास तमुक, दोन्ही नसल्यास चालत ४०० मीटरच्या आत, नाहीतर दर रात्रीमागे इतके रुपये परत.' चांगला एजंट कुरकुरेल, पण लिहून देईल. उमऱ्याच्या व्हिसासाठी हॉटेल आणि वाहतुकीची नोंद आता सौदीच्या 'नुसुक' या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत करावी लागते. त्यामुळे 'हॉटेल तिथे गेल्यावर बघू' ही सबब चालवून घेऊ नका.

पाच जणांच्या खोलीचा धोका पत्रकात कुणी लिहीत नाही. शेअरिंगमध्ये बायकांची खोली वेगळी आणि पुरुषांची वेगळी केली जाते. म्हणजे सासूबाई चार अनोळखी बायकांबरोबर, आणि सासरे-दीर दुसऱ्या मजल्यावर. रात्री साखर उतरली तर हाक कुणाला मारायची? तिघांना एकच खोली, हे व्हाउचरवर आलंच पाहिजे. खोलीत फ्रीज आहे, हेही त्याच ओळीत.

विमानाचं म्हणाल तर मुंबई-जेद्दा थेट पाच-साडेपाच तासांचा प्रवास आहे. शारजामार्गे म्हणजे दोनदा चढणं, दोनदा उतरणं, दोनदा व्हीलचेअरची वाट पाहणं आणि मधले तास बाकावर. व्हीलचेअर फुकट मिळते, पण ती तिकीट काढतानाच सांगावी लागते, निदान ४८ तास आधी तरी. सांगताना कोडही सांगा. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे जिने चढता येतात, फक्त लांबचं चालवत नाही. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिनेही चढता येत नाहीत. एजंट सवयीने पहिलाच कोड टाकतात. मग विमान जिन्याला लागलं की कर्मचारी पायथ्याशी खुर्ची थांबवतात आणि म्हातारं माणूस कठड्याला धरून वर चढतं. सासूबाईंसाठी दुसरा कोड टाकायला लावा. मुंबई विमानतळाच्या टी-टूला सोडायला अख्खी चाळ येईल ते ठीक, पण तिकीट नसलेल्यांना दारातून आत घेत नाहीत. दुआ आणि गळाभेटी बाहेर उरकून उड्डाणाच्या चार तास आधी आत जाऊ द्या.

इहरामचे कपडे (उमऱ्यात पुरुष नेसतात त्या दोन बिनशिवलेल्या चादरी) हातातल्या बॅगेत ठेवा. ते मोठ्या बॅगेत चेक-इन होऊन जाणं ही दर सीझनची रड आहे. जेद्दाला उतरण्याआधी मीकातची (जिथून पुढे इहरामशिवाय जायचं नाही त्या हद्दीची) घोषणा होते, तोवर नियत, म्हणजे उमऱ्याचा संकल्प, व्हायला हवी. त्यामुळे सासऱ्यांनी घरून किंवा विमानतळावरच दोन चादरी नेसलेल्या बऱ्या, विमानाच्या संडासात ते जमत नाही. नियत झाल्यावर एअरहोस्टेस देते तो सुगंधी ओला रुमाल घ्यायचा नाही. बिनवासाचे रुमाल सोबत ठेवा. याहून सोयीचा मार्ग म्हणजे एजंटला क्रम उलटा करायला सांगणं: आधी मदिना, मग मक्का. मग विमानात साधे कपडे चालतात, चार-पाच दिवस विश्रांती होते आणि इहराम मदिनेबाहेरच्या झुलहुलैफा या मीकातहून, आंघोळ करून, नीट बांधता येतो. विमान जेद्दालाच उतरणार असेल तरी अडचण नाही. हरमैन रेल्वेचं स्टेशन विमानतळालाच आहे. मक्का-मदिना हे साडेचारशे किलोमीटर बस पाच-सहा तासांत कापते, रेल्वे सव्वादोन ते अडीच तासांत. बसऐवजी रेल्वे घेतली तर वरचे पैसे द्यावे लागतील, ते जरूर द्या. धाकट्या दिरांना बस चालली असती, सासूबाईंच्या गुडघ्यांना नाही.

मक्केत पोचल्या पोचल्या, मध्यरात्री का होईना, अख्ख्या ग्रुपला उमऱ्याला नेण्याची एजंटांची पद्धत आहे. तुमच्या तिघांनी ग्रुप सोडून द्यावा. इहराममध्येच झोपावं, जेवावं, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर किंवा इशानंतर उशिरा, गर्दी ओसरली की जावं. हरममध्ये आपल्या माणसाने ढकलायची व्हीलचेअर फुकट मिळते. ढकलणारा हवा असेल किंवा वरच्या मजल्यावरची इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर अधिकृत काउंटरवरच पैसे भरून पावती घ्या, दारात घोळणाऱ्यांशी घासाघीस नको. वरच्या मजल्यावर तवाफचा प्रत्येक फेरा खालच्यापेक्षा बराच मोठा होतो, म्हणून तिथे पायी जाण्याचा हट्ट नको. साखरेच्या माणसाने संगमरवरावर अनवाणी चालणं धोक्याचं असतं. पायमोजे घालण्याबद्दल बाया आणि पुरुष यांचा मसला (धार्मिक नियम) वेगळा आहे, तो तुमच्या मौलानांना विचारून घ्या.

आता जेवण. आधी विमानातलं. एका तिकिटावर खास जेवणाचा एकच कोड टाकता येतो: 'एमओएमएल' म्हणजे मुस्लिम जेवण, 'डीबीएमएल' म्हणजे साखरवाल्यांचं. पुष्कळ जण डोळे झाकून पहिला टाकतात. पण सौदिया किंवा आखाती कंपन्यांच्या विमानात सगळंच जेवण हलाल असतं, तिथे 'एमओएमएल' टाकून हातचा पर्याय कशाला घालवायचा? सासूबाईंना 'डीबीएमएल' घ्या. एअर इंडियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलले तेव्हा सौदीच्या मार्गांवरचं सगळं जेवण हलाल राहील असं जाहीर केलं होतं. त्यांच्या इतर मार्गांवर 'एमओएमएल' आधी सांगितलं असेल तरच ते मिळतं. स्वस्त कंपन्यांत जेवण आगाऊ विकत घ्यावं लागतं, तिथे शंका असेल तर सरळ शाकाहारी घ्या. मुदत साधारण २४ तासांची असते, काही कंपन्यांत ४८. ग्रुप तिकिटात हे वेबसाइटवरून बदलता येत नाही, एजंटकडूनच करून घ्यावं लागतं, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा. एवढं करूनही ट्रे आलाच नाही, असं होतं. म्हणून पोळीभाजीचा डबा हातात असू द्या.

तिथल्या 'बॉम्बे खान्या'त बिघडते ती चव नव्हे, वेळ. नाश्ता फज्रनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) तासाभराने, रात्रीचं जेवण इशानंतर. इन्सुलिन घेणाऱ्याला हे अंतर झेपत नाही. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यात चालणंही कितीतरी पटीने वाढतं. डोस कधी आणि किती, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. एजंटला विचारायचं ते असं: भटारखाना हॉटेलातच आहे की जेवण गाडीतून येतं? वेळा काय? खोलीवर डबा मिळेल का? रात्री पोळ्या किती? (भाताचा डोंगर आणि दोन पोळ्या, हा ठरलेला बेत.) परदेशातून गोठवून आलेली कोंबडी तुमच्याकडे चालत नसेल तर 'ताजं चिकन' असंही लिहून घ्या. तीन वेळचं जेवण न घेता फक्त नाश्ता आणि रात्रीचं घेतलं तर पैसे वाचतात, दुपारी हरमजवळ काहीही मिळतं. खजूर आणि लबन (ताक) जागोजागी वाटतात. सासूबाई नको म्हणणार नाहीत, तेव्हा दिरांना आधीच बजावून ठेवा. साखर उतरली की मात्र तोच खजूर कामाला येतो, दोन कायम पर्समध्ये असावेत.

घरचं काय न्यायचं? भाजणी, नाचणीचं सत्त्व, भाजके चणे, खाकरे. हॉटेलात विजेची शेगडी लावू देत नाहीत, तेव्हा गरम पाण्यात कालवता येईल असंच घ्या. एक गोष्ट विसरू नका: घरच्या मसाल्यात खसखस असेल तर ती पुडी कुर्ल्यातच राहू द्या. सौदीत खसखस अमली पदार्थांत धरतात, 'आमच्या वाटणात असते' हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल असल्याने ते पेटणाऱ्या मालात मोडतं, मुंबईत स्कॅनरवर बॅग उघडून वाट्या काढून घेतात. लोणचं हातातल्या बॅगेत नको. औषधांत ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन, अल्प्राझोलॅम अशा गोळ्या असतील तर नुसती चिठ्ठी पुरत नाही, आगाऊ परवानगी लागते. गुडघ्यांच्या आणि पायांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन आपल्याकडे सर्रास देतात, म्हणून पाकिटांवरची नावं वाचाच आणि डॉक्टरांना बदल विचारा. इन्सुलिन आणि सुया हातातल्या बॅगेत, इंग्रजी चिठ्ठीसकट. सामानाच्या पोटात इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं.

बिलाचं उत्तर सोपं आहे. खासगी ऑपरेटरांनी हज-उमऱ्यावर जीएसटी माफ व्हावा म्हणून मागणी केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये फेटाळली. म्हणजे बिल लागतंच. रोख मागणारा तुमचा कर वाचवत नाही, उद्या तक्रार करायला लागणारा पुरावा तेवढा पुसून टाकतो. परदेशी पॅकेजवर टीसीएसही (एजंटने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो. तो ज्यांच्या पॅनवर जमा होईल त्यांना विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, तेव्हा पॅन कुणाचा द्यायचा ते आधी ठरवा. दुकानावर 'हज कमिटी मान्यताप्राप्त' असं लिहिलेलं पाहून भुलू नका. हज कमिटी हज पाहते, उमऱ्याच्या एजंटांना ती मान्यता देत नाही.

पैसे कंपनीच्या चालू खात्यात, चेक किंवा ऑनलाइन, आणि टप्प्याटप्प्याने. लेखी कोटेशनवर पाव रक्कम. तिकीट आल्यावर अर्धी. व्हिसा आणि दोन्ही हॉटेलांची व्हाउचरं हातात पडल्यावर उरलेली. 'तिकीट' म्हणजे नुसता सहा अक्षरी पीएनआर नव्हे. १३ आकडी तिकीट नंबर नसेल तर ती फक्त राखून ठेवलेली जागा आहे, आणि ती सुटू शकते. विमान कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. ग्रुपच्या जागांवर नावं शेवटच्या काही दिवसांतच चढतात, हे खरं आहे. तसं असेल तर ती तारीख लेखी घ्या. व्हिसा नाकारला किंवा आजारपणाने जाणं रद्द झालं तर किती पैसे परत, हीही एक ओळ हवी. व्हिसाबरोबर येणारा विमा जेमतेम तातडीपुरता असतो. साखरेचा जुना आजार धरणारा वेगळा प्रवासविमा इथूनच काढा.

तरीही तिकडे जाऊन हॉटेल बदललंच, तर दिरांनी त्याच दिवशी हॉटेलच्या पाटीचा, खोलीचा आणि नकाशावरच्या अंतराचा फोटो काढून एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी हरकत पाठवावी. परत आल्यावर भांडण फक्त तोंडी उरतं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कुर्ल्याला राहता म्हणून तुम्हाला वांद्र्याच्या मुंबई उपनगर आयोगात तक्रार करता येते, एजंटचं ऑफिस कुठेही असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

रमजानातल्या उमऱ्याचं सवाब (पुण्य) मोठं, यात वाद नाही. पण त्या महिन्यात खोल्यांचे दर कित्येक पटीने चढतात, इफ्तारपासून तरावीहपर्यंत (रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजपर्यंत) पटांगणात पाय ठेवायला जागा नसते, आणि इन्सुलिनवर असलेल्या बाईने रोजे धरायचे की नाही हा प्रश्न घरातून सोडवून जावा लागतो. गुडघे आणि साखर सांभाळायची तर नोव्हेंबर ते जानेवारीतले दिवस बघा: ऊन सौम्य, दर रमजानपेक्षा बरेच कमी. डिसेंबरच्या शाळेच्या सुट्या तेवढ्या टाळा. याच ८७ हजारांत तेव्हा कदाचित दोघांना वेगळी खोलीही मिळेल.

मेनिंजायटिसची एसीडब्ल्यूवाय लस पोचण्याच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी, प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवावं. आणि मदिनेच्या मशिदीतल्या रौजाची वेळ नुसुक अ‍ॅपवर घ्यावी लागते, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, सहसा वर्षातून एकदाच. व्हिसा येताच तिघांची खाती दिरांच्या फोनवर नको, ज्याच्या त्याच्या नावाने उघडा आणि वेळ मुंबईतूनच घेऊन ठेवा.